बाबांचं बोलणं वेळेवर पोचावं म्हणून

आमच्या घरात मोठा आवाज ही वडिलोपार्जित मालमत्ता होती. दुसरी काही नव्हती म्हणा. शिरड शहापूरला आजोबांची मेंढरं होती, आणि मेंढरांमागे फिरणाऱ्या माणसाला माळाच्या या टोकावरून त्या टोकाला हाक पोचवावी लागते. तिथे लाजून चालत नाही. बाबा आणि काका या दोघा भावांचा आवाज इतका सारखा, की दाराआडून कोण बोलतंय ते आईलासुद्धा ओळखू येत नसे. काका तो आवाज घेऊन मेंढरांमागेच राहिले. बाबा शिकले, एस.टी.त लागले आणि हिंगोलीच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक झाले. म्हणजे खिडकीत बसून गाड्या लावायच्या, सोडायच्या आणि भोंग्यावरून पुकारायच्या. भोंगा बिघडला तरी बाबांचं काही अडत नसे. परभणीच्या गाडीचे प्रवासी रस्त्यापलीकडच्या हॉटेलात भजी खात असले तरी त्यांना ऐकू जायचं.

परभणीतून वेगळा होऊन हिंगोली नवा जिल्हा झाला, त्याच्या थोडं मागेपुढे बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. औरंगाबादला. जीव वाचला, आवाज गेला. डॉक्टरांनी आधीच सगळं समजावून सांगितलं होतं, आणि आम्हीही शहाण्यासारख्या माना डोलावल्या होत्या. पण घरी आल्यावर बाबांनी आईला हाक मारायला तोंड उघडलं, ओठ हलले आणि काहीच आलं नाही, तेव्हा आम्हाला कळलं की आम्हाला काहीही समजलेलं नव्हतं.

आईनं पाटी आणली. पाटीवर लिहून माणूस जगू शकतो, पण गप्पा मारू शकत नाही. बाबा लिहीपर्यंत बोलणं पुढच्या गावाला गेलेलं असायचं. त्यांचा विनोद पाटीवर उमटायचा तेव्हा ज्याच्यावर विनोद केला तो माणूस चहा पिऊन निघून गेलेला असायचा. त्यात आमचे मामा. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. माणूस प्रेमळ, अडीअडचणीला धावून येणारा, पण दुसऱ्याचं वाक्य आहे तसं पुढे देणं त्यांच्या रक्तात नाही. बाबांनी पाटीवर लिहावं, चहात साखर फार झाली; आणि मामांनी पाहुण्यांना वाचून दाखवावं, "दाजी म्हणून राहिले, चहा एक नंबर झाला." बाबा पाटीवर हात आपटायचे. मामा म्हणायचे, "बघा, खूश झाले."

हळूहळू बाबा बैठकीच्या खोलीत बसेनासे झाले. कोणी आलं की मागच्या अंगणात जाऊन झाडांना पाणी घालायचे. आमच्याकडे झाडं होती दोन, आणि त्या दोघांची मुळं कुजायची वेळ आली. ज्या माणसानं आयुष्यभर सगळ्या गावाला कुठल्या गाडीत बसायचं ते सांगितलं, तो माणूस स्वतःच्या घरात पाहुण्यांना चुकवत होता. मला ते बघवत नव्हतं.

मी तेव्हा नांदेडला कॉम्प्युटरचा कोर्स करून आले होते आणि घराच्या आतल्या खोलीत जुन्या मशीनवर क्लास चालवत होते. मला फार काही येत होतं अशातला भाग नाही. वेबची पानं बनवता येत होती आणि त्यांच्यामागे चालणारे छोटे प्रोग्राम लिहिता येत होते. त्यातच भागवायचं ठरवलं. बैठकीच्या खोलीत बाबांसाठी एक मशीन, आतल्या खोलीत माझं थोरलं मशीन, आणि मधल्या भिंतीला भोक पाडून काढलेली वायर. बाबांनी त्यांच्या पानावर वाक्य लिहून बटण दाबायचं. ते वाक्य वायरीवरून माझ्या मशीनकडे यायचं. तिथला प्रोग्राम त्यातल्या एकेका शब्दाचा आवाज शोधून, एकापुढे एक जोडून परत पाठवायचा, आणि बाबांच्या स्पीकरमधून वाक्य ऐकू यायचं. कागदावर तरी असं होतं.

प्रश्न होता आवाजाचा. बाबांनी स्टँडवर इतकी वर्षं पुकारलं, पण त्याची टेप करून ठेवावी असं कोणाला कशाला सुचेल? मग मी शिरडला निरोप धाडला.

काका आले ते एक कोकरू काखेत घेऊन. त्याची आई मेली होती आणि त्याला बाटलीनं दूध पाजावं लागत होतं. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजे मी आज बोलून ठिवायचं, अन् दादा पायजे तवा वापरणार?"

"हो काका."

"मंग इचारून काय राहिली बाई? आपल्या घरचाच आवाज हाय."

खोलीत घुमू नये म्हणून चारी भिंतींना गोधड्या टांगल्या, दारं लावली, आणि मी सांगेन तो शब्द काका बोलू लागले. शब्द हजारांनी. घाम गळायचा, कोकरू मधेच ओरडायचं. 'शनिवार' या शब्दाच्या शेवटी त्याचं ओरडणं कायमचं राहून गेलं. मी 'नाही' म्हणायचे आणि काका 'न्हाई' म्हणायचे. मी 'का' म्हणायचे आणि काका 'काहून' म्हणायचे. मी दुरुस्त करायला गेले तर बाबांनी हातानंच सांगितलं, राहू दे. नोकरीपायी बाबांनी आपली बोली इस्त्री करून ठेवली होती. ती इस्त्री मोडायला त्यांची हरकत नव्हती. मला वाटतं, त्यांना ते आवडतच होतं.

सगळं जोडून झालं आणि पहिल्या दिवशी आईनं विचारलं, "भाकरी टाकू का?" बाबांनी 'व्हय' लिहून बटण दाबलं. काहीच झालं नाही. आई बराच वेळ वाट बघून म्हणाली, "काहून, भूक न्हाई का?" तेवढ्यात स्पीकर म्हणाला, "व्हय." आईनं चूल विझवली.

बाबा हसले, पण दोन दिवसांनी पुन्हा अंगणात दिसायला लागले. पाटीपेक्षा मशीन हळू होतं. आणि उशिरा आलेलं उत्तर नुसतं उशिरा येत नाही, ते चुकीच्या प्रश्नाला चिकटतं.

दोष कुठे होता ते मला दिसत होतं, उपाय दिसत नव्हता. बाबांनी बटण दाबलं की माझ्या मशीनवर प्रोग्राम नव्यानं जन्माला यायचा. मग तो काकांचे सगळेच्या सगळे शब्द डिस्कवरून उचलायचा, त्यांची जुळणी करायचा, एक 'व्हय' बोलायचा आणि मरायचा. पुढच्या बटणाला दुसरा प्रोग्राम जन्माला येऊन तोच सगळा पसारा पुन्हा उचलायचा. बाबांच्याच खिडकीचं उदाहरण घ्यायचं तर, प्रवाशानं "अकोला गाडी कधी?" विचारलं की साहेबांनी उठून डेपोत जायचं, वेळापत्रकाचं सगळं बाड डोक्यावर घेऊन यायचं, एक वेळ सांगायची आणि बाड परत ठेवून यायचं. मग पुढचा प्रवासी.

रेल्वे स्टेशनच्या रस्त्यावर एक सायबर कॅफे होता. तिथल्या डुगडुगत्या खुर्चीवर बसून मी प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या एका चर्चेच्या पानावर मोडक्या इंग्रजीत माझं रडगाणं लिहिलं. हे कशासाठी आहे तेही लिहिलं, कारण मला मोघम बोलता येत नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलेलं होतं. देणारा माणूस होता की बाई, कुठल्या देशात होता, नाव खरं होतं की टोपण, मला आजही ठाऊक नाही. त्यानं लिहिलं होतं त्याचा अर्थ असा: जे आणायला वेळ लागतो ते प्रत्येक मागणीला आणू नकोस. प्रोग्राम एकदाच चालू कर, सगळे शब्द एकदाच मेमरीत घे, आणि मग प्रोग्रामला मरू देऊ नकोस. तो तसाच बसून राहील. मागणी आली की हातात आहे त्यातलं द्यायचं आणि पुढच्या मागणीची वाट बघायची. खाली नमुन्यादाखल प्रोग्राम लिहून दिला होता. आणि अगदी शेवटी, अजून हळू चाललं तर पुन्हा लिही, तुझ्या वडिलांना थांबावं लागू नये.

त्या अनोळखी माणसाचे उपकार मी कुठे फेडणार? देवळात गेले की हात जोडताना त्यालाही मनात धरते, एवढंच.

सांगितलं तसं केलं, तर मेमरी अपुरी पडली. क्लासच्या एका मशीनमधली मेमरीची पट्टी उपटून थोरल्या मशीनला लावली. ज्या पोरी त्या मशीनवर शिकत होत्या त्या आपणहून दुसऱ्या मशीनवर दोघी-दोघी बसायला लागल्या. फी भरूनही एकीनंही कुरकुर केली नाही.

मग एके दिवशी मामा बैठकीत बसून कळमनुरीच्या कुठल्याशा लग्नाची हकीकत सांगत होते. आपण नसतो तर मांडवच उभा राहिला नसता, वगैरे. आणि वाक्य अजून त्यांच्या तोंडात असतानाच कोपऱ्यातून काकांचा आवाज आला, "जेवायला तर सगळ्यात आधी बसला व्हता."

मामा दचकून दाराकडे बघायला लागले. आई पदर तोंडाला लावून हसत होती. बाबांनी माणसाचं बोलणं मधेच तोडलं होतं. किती दिवसांनी! मी आत जाऊन मनसोक्त रडले आणि मग तोंड धुऊन चहा ठेवला. त्या दिवसापासून अंगणातल्या झाडांना माफक पाणी मिळू लागलं.

एक गोष्ट मात्र आमच्या हातात नव्हती, ती म्हणजे लाइट. भारनियमन तेव्हा रोजचंच. ठरल्या वेळी लाइट जायची, मशीन बंद पडायचं आणि मेमरीतलं सगळं पुसलं जायचं. लाइट गेली की बाबा गप्प. आली की मशीन आपोआप चालू व्हावं, प्रोग्रामनं पुन्हा सगळे शब्द मेमरीत घ्यावेत, अशी सोय मी करून ठेवली होती. तेवढ्या वेळात बाबांच्या पानावर 'थांबा' अशी अक्षरं दिसत. एकदा भरून झालं की पुढे दिवसभर झटपट.

काका महिन्यातून एकदा बाजाराला आले की आम्ही नवे शब्द बोलवून घ्यायचो. ते लगेच बाबांच्या बोलण्यात येत नसत. दुसऱ्या दिवशी यायचे. का, याचा विचार मी कधी केला नाही, कारण अडत नव्हतं. खरं कारण साधं होतं. मेमरीत जे एकदा भरलं तेच प्रोग्राम घेऊन बसायचा. डिस्कवर नवं काय आलं ते तो बघायचाच नाही. रोज लाइट जायची, सगळं पुसायचं, आणि पुन्हा भरताना नवे शब्द आपोआप आत यायचे. भारनियमनाला सगळा जिल्हा शिव्या घालत होता, आणि आमच्या घरात ते बिनपगारी नोकरासारखं राबत होतं. जिथे लाइट जातच नाही अशा गावात ही चूक पहिल्याच दिवशी सापडली असती.

माझं लग्न जुळवायला घेतलं ते याच काळात. स्थळ वारंगा फाट्याचं. मुलाच्या वडिलांचं तिथे हायवेला टायरचं दुकान, मुलगा नांदेडला औषधांच्या दुकानात. माणसं चांगली, मुलगा मला पसंत. काटा एकच होता. मध्यस्थी मामांची होती, आणि मामांनी आपल्या मनानं तिकडे सांगून टाकलं होतं की पोरीचा कॉम्प्युटरचा नाद लग्नानंतर सुटेल.

नाद! मी मामांशी दोन दिवस बोलले नाही. आईकडे गेले तर ती म्हणाली, सुपारी फुटेपर्यंत तोंड उघडू नको. शेवटी बाबांपुढे बसून सगळं बोलले. लग्न करायचं आहे, पण काम सोडायचं नाही; हे बैठकीत कोणीतरी सांगायला हवं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मशीनवर दोनच शब्द लिहिले, "काकाला बोलव."

माझा संताप झाला. मला वाटलं, पाहुण्यांपुढे बसायला भाऊ हवा म्हणून बोलावतायत, आणि माझं बोलणं वाऱ्यावर गेलं.

काका बैठकीच्या आदल्या दिवशी आले. बाबांनी पाटीवर काही शब्द लिहून माझ्यापुढे ठेवले: एवढे बोलवून घे. त्यात 'अट' होता, 'लग्नानंतर' होता, आणखी दोन-चार होते. तिथीबद्दल नाहीतर मानपानाबद्दल काही असेल, असं समजून मी फुरंगटलेल्या तोंडानं ते शब्द भरून टाकले आणि काही विचारलं नाही. त्यात मोठे कोणी पुढारी जिल्ह्याच्या दौऱ्यावर आलेले, म्हणून दोन दिवस लाइट गेलीच नव्हती. आई म्हणाली, "देवच पावला. बैठकीत दाजी... म्हंजे तुझे बाबा गप्प बसायचे न्हाईत." घाईत मामांचं संबोधन तिच्या तोंडी आलं, यावरून तिची काय गत झाली होती ते कळावं.

आमच्याकडे सोयरीक ठरते ती बैठकीत. दोन्हीकडची वडीलधारी माणसं सतरंजीवर समोरासमोर बसतात, देण्याघेण्याचं, मानपानाचं बोलतात आणि शेवटी सुपारी फोडतात. सुपारी फुटली की बोलणं संपलं. त्यानंतर काढलेला मुद्दा हा मुद्दा राहत नाही, ते भांडण होतं. आणि जिचं लग्न ती आत.

मी आत म्हणजे थोरल्या मशीनपुढे. मशीनच्या काळ्या खिडकीत बाबांकडून येणारं प्रत्येक वाक्य मला दिसायचं. "या, बसा," असं तिथे उमटलं आणि भिंतीपलीकडून काकांच्या आवाजात ऐकू आलं. पाहुण्यांमध्ये कुजबुज झाली. पडद्याच्या फटीतून मी बघितलं, सगळे बाबांना सोडून स्पीकरच्या डब्यांकडे बघत होते. बाबा बोलत होते आणि पाहुणे डब्यांना उत्तरं देत होते. काका बाबांच्या खुर्चीशेजारी मांडी घालून बसले होते. पाऊसपाणी, हळदीचा भाव, मेंढरांचे रोग, सगळे विषय होऊन गेले, आणि काकांनी एकदाही तोंड उघडलं नाही. नुसती मान हलवायचे. मला वाटलं, बुजले असतील.

मानपानाचं ठरलं. मामांनी ताटातली सुपारी उचलली. आणि माझ्या काळ्या खिडकीत ओळ आली: माझी एक अट हाय.

भिंतीपलीकडे काहीच ऐकू आलं नाही. वाक्यातला एक जरी शब्द सापडला नाही तर प्रोग्राम गप्प राहायचा आणि तो शब्द लाल करून दाखवायचा. 'अट' लाल होता. ओळ पुन्हा आली. पुन्हा आली. मग दुसरी आली: लग्नानंतर बी माझी पोरगी तिचं काम चालू ठिवल. 'लग्नानंतर' लाल.

बाबांना काय म्हणायचं आहे ते त्या घडीला सगळ्या घरात मला एकटीला माहीत होतं, आणि मला बाहेर जाऊन बोलायची सोय नव्हती. मी दोन दिवस ज्या माणसावर फुगून बसले होते तो माझ्यासाठी बटण दाबत होता आणि त्याचा आवाज फुटत नव्हता. काल भरलेले शब्द आज का सापडत नाहीत? रोज तर दुसऱ्या दिवशी येतात. मग डोक्यात प्रकाश पडला: लाइट गेलेली नाही. मशीन जुनंच घेऊन बसलंय.

बाहेर मामा म्हणाले, "चला, दाजींची संमती हाय. फोडू का?"

प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला तर नवे शब्द येणार होते. पण सगळे शब्द मेमरीत भरेपर्यंत, म्हणजे चहाचं आधण उकळेपर्यंत, बाबा मुके. आणि सुपारी फोडायला तेवढा वेळ कशाला लागतो? दुसरा मार्ग नव्हता. मी प्रोग्राम बंद केला, पुन्हा चालू केला आणि पडद्याशी जाऊन उभी राहिले.

बाबांच्या पानावर 'थांबा' उमटलं असणार. त्यांनी एकदा आतल्या खोलीच्या पडद्याकडे बघितलं. मग खुर्चीतून उठले आणि उजवा पंजा समोर धरला. स्टँडवर मागे येणाऱ्या गाडीला थांबवायला धरत तसा, सरळ, कोपर न वाकवता. मामांचा सुपारीचा हात आपोआप खाली गेला.

"काय म्हणायचं ते लिहा की दाजी, मी वाचून दाखवतो," मामांनी पाटी पुढे केली. बाबांनी पाटी घेतली आणि खुर्चीखाली सरकवून दिली. त्यांना वाचून घ्यायचं नव्हतं, बोलायचं होतं.

मामा काकांकडे वळले. "तुमी तरी सांगा, तुमच्या भावाच्या मनात काय हाय? तुमाला माहीत असंल."

काकांना माहीत होतंच. शब्द त्यांनीच बोलून ठेवले होते. त्यांनी मामांकडे बघितलं, मान हलवून नाही म्हटलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

सगळे थांबले. बाबा पंजा धरून उभे. कोणी खाकरलं, कोणी सतरंजीचा दोरा उपसत बसलं. मुलाचे वडील आधी डब्यांकडे बघत होते. डबे गप्प, मशीन गप्प, बघायला दुसरं काही राहिलं नाही, तेव्हा ते बाबांकडे बघायला लागले. बाबांनीही नजर काढली नाही.

मग बाबा बसले. बटण दाबलं. आणि खोलीभर आवाज आला, "माझी एक अट हाय. लग्नानंतर बी माझी पोरगी तिचं काम चालू ठिवल."

मुलाचे वडील बाबांना म्हणाले, डब्यांना नाही, बाबांना, "पाहुणे, पोरगी काम काय करती, ते आमाला नीट ठाऊक न्हाई."

त्यांचा प्रश्न पुरता संपला न संपला तोच उत्तर आलं.

"हेच."

मुलाच्या वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "बराबर हाय तुमचं. हे काम बंद कर म्हणणारा मी कोण? चालू राहू द्या. आमच्या फाट्यावर बी माणसंच राहतात." आणि मामांकडे वळून, "फोडा आता."

सुपारी मामांनीच फोडली, आणि दुसऱ्या दिवसापासून ही अट आपणच घालायला लावली असं गावभर सांगितलं. त्यांच्यावर मी पुन्हा रागावले नाही. फाट्यावर टायरच्या दुकानाला लागून माझा क्लास उभा राहिला, तेव्हा पहिली खुर्ची त्यांनीच आणून दिली.

निघताना मुलाची आई आत आली आणि आईचा हात धरून हळूच म्हणाली, "थोरल्यांचं आमाला माहीत व्हतं. पण धाकटे बी मुके हायेत हे कोणी सांगितलं न्हाई. लई तकलीफ सोसली बाई तुमी."

पाहुण्यांची जीप वळणाआड गेली तशी आई काकांवर घसरली. "भाऊजी, तोंड शिवून काहून बसला व्हता? माझा भाऊ इचारत व्हता तवा एक वाक्य बोलले असते तर माझा जीव असा टांगणीला लागला नसता."

काका सतरंजीवरून उठलेही नव्हते. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी तोंड उघडलं.

"मी बोललो असतो तर पाहुण्यांनी एकच आवाज दोघांच्या तोंडून ऐकला असता. मंग दादाचं कोणतं अन् माझं कोणतं, हे त्यांनी कसं वळखावं? आज त्यो आवाज दादाला लागत व्हता, वहिनी."

मशीन चालू होतं. सगळे शब्द मेमरीत होते, हवा तो मागितल्याबरोबर मिळाला असता. बाबांनी काही लिहिलं नाही. ते खुर्चीवरून उठले आणि सतरंजीवर काकांना खेटून बसले.